पासपोर्ट लागत नाही, आयएसडी लागतो

भुसावळला आमच्या गल्लीत रात्रीचा गुरखा फिरतो. खांबावर काठी आपटतो, शिट्टी मारतो आणि एक तारखेला घरोघरी पैसे मागायला येतो. त्याला सगळे 'बहादूर' म्हणतात. खरं नाव वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. फेरीला निघण्याआधी आमच्या ओट्यावर बसून तो मोबाईलवर घरच्यांचे चेहरे बघतो. 2025 च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते चेहरे दिसेनासे झाले. 4 तारखेला नेपाळ सरकारने फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपसकट 26 समाजमाध्यमं बंद केली होती. त्याने वडिलांचा फोन मागितला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आणि मूळच्या अंमळनेरच्या वडिलांनी नंबर फिरवला. रिचार्जमध्ये हा कॉल बसत नाही, असं फोन सांगू लागला. वडील चकित झाले. "नेपाळले बी आयएसडी लागस?"

चारपाच दिवसांत काठमांडू पेटलं. 8 तारखेला गोळीबारात तरुण मारले गेले. 9 तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला आणि सिंहदरबार हे सरकारचं मुख्य कार्यालय व संसदभवन जळालं. गल्लीतल्या जाणत्यांनी ओट्यावर निकाल दिला: एवढी भानगड कशाला, नेपाळ आपल्यात घेऊन टाकायला पाहिजे. सगळं ऐकून घेणारा तो माणूस त्या रात्री पहिल्यांदा उलटून बोलला. "साब, हमारा देश कभी गुलाम नहीं हुआ।"

एवढंच बोलून तो फेरीला गेला. हे वाक्य त्याचं एकट्याचं नाही. नेपाळच्या शाळांत ते पाठ होतं. आपल्याकडे ते तुसडेपणाचं वाटतं, कारण आपण त्याला परका मानतच नाही. आपलेपणाने केलेली आपली थट्टा त्याला का बोचते, हे बघायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

1814 ते 1816 या काळात इंग्रज आणि गोरखा राज्य यांच्यात युद्ध झालं. सुगौलीच्या तहात नेपाळने कुमाऊँ-गढवाल आणि तराईचा, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सपाट मुलखाचा, मोठा पट्टा गमावला. पश्चिमेला काली (महाकाली) आणि पूर्वेला मेची अशा सीमा ठरल्या. पण युद्ध चालू असतानाच, 1815 मध्ये, इंग्रजांनी समोर लढणाऱ्या गोरख्यांच्या पलटणी उभारल्या. त्याच सुमाराला रणजितसिंहांच्या फौजेत भरती व्हायला पहाडातली पोरं लाहोरला जात. त्यावरून परमुलखात शिपाईगिरी करणाऱ्याला नेपाळीत 'लाहुरे' म्हणतात. लाहोर पाकिस्तानात गेलं तरी शब्द तसाच राहिला.

खानदेशात हीच युक्ती जरा उशिरा आली. 1818 ला पेशवाई बुडाली, मुलूख इंग्रजांकडे गेला आणि सातपुड्यातले भिल्ल त्यांना आवरेनात. मग 1825 मध्ये आउटरॅम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण काढली, धरणगावला. ज्याच्याशी लढायचं त्यालाच पगारावर ठेवायचं. फरक एवढाच की भिल्लाचं रान इंग्रजांचं झालं. गोरखा मात्र नोकरी इंग्रजांची करायचा आणि सुट्टीत आपल्या राजाच्या राज्यात जायचा. ते राज्य लहान झालं होतं, गेलं नव्हतं. त्याच्या वाक्याचं मूळ मला इथे दिसतं.

1857 च्या बंडात तर हा फरक फार उघड झाला. सातपुड्यात भिल्लांचा पुढारी कजरसिंग नाईक इंग्रजांवर उठला होता आणि त्याच वेळी नेपाळचे पंतप्रधान जंगबहादूर राणा फौज घेऊन लखनौला इंग्रजांच्या मदतीला आले. बक्षीस म्हणून पश्चिम तराई परत मिळाली. नेपाळ आजही तिला 'नया मुलुक' म्हणतो. मजा अशी, की बंड मोडल्यावर पळालेले नानासाहेब पेशवेही त्याच तराईत शिरले. त्यांच्या शेवटाबद्दलच्या आपल्या सगळ्या गोष्टी त्या जंगलापाशी येऊन धूसर होतात. लखनौच्या बेगम हजरत महलना आसरा मिळाला आणि 1879 मध्ये त्या काठमांडूतच गेल्या. एकाच दरबाराने इंग्रजांना फौज दिली आणि इंग्रजांच्या शत्रूला घर दिलं. दोन मोठ्या शेजाऱ्यांत निभावून नेण्याची ही कला नेपाळ एक करणारे राजे पृथ्वीनारायण शहा यांच्यापासूनची. आपलं राज्य म्हणजे दोन दगडांमधला कंद, असं ते म्हणत.

1947 ला दहा गोरखा रेजिमेंटची वाटणी झाली. सहा भारताकडे आल्या, चार ब्रिटनकडे गेल्या. पण आजच्या सगळ्या कुरबुरीची खरी गाठ बसली ती 31 जुलै 1950 ला. त्या दिवशी काठमांडूत शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमात एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार आणि ये-जा करण्याची समान मुभा दिली. आमचा गुरखा पासपोर्टशिवाय भुसावळला उतरतो, तो याच व्यवस्थेच्या आधाराने.

आपल्याला हे उदारपण वाटतं. नेपाळी माणूस आधी सह्या कुणी केल्या ते सांगतो. तिकडून खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणा, इकडून फक्त राजदूत. शिवाय करारानंतर सात महिन्यांच्या आत राणांची शंभर वर्षांची राजवट संपली. म्हणजे जाता जाता एका हुकूमशहाने केलेली सही, असा त्यांचा हिशोब. त्यातलं अर्धं आपण सांगत नाही आणि अर्धं ते सांगत नाहीत. राणा गेले ते राजा त्रिभुवन भारतीय वकिलातीत आश्रयाला आले म्हणून. नेपाळी काँग्रेस स्थापन झाली कलकत्त्याला. पुढे पंतप्रधान झालेले बी. पी. कोईराला जन्मले आणि शिकले बनारसला. ओलींनंतर हंगामी पंतप्रधान झालेल्या सुशीला कार्कीही बनारस हिंदू विद्यापीठाच्याच. दुसरीकडे समान मुभा कागदावर असली तरी परक्यांना जमीन विकायला नेपाळच्या कायद्यात बंदी आहे आणि त्या परक्यांत आपणही येतो. तिकडे गेलेल्या मराठी पर्यटकाला हे ऐकून राग येतो. तीन कोटींच्या आसपास लोकसंख्या असताना शेजारी एकशे चाळीस कोटींचा देश असेल तर आपण काय केलं असतं, याचा तो विचार करत नाही.

1960 मध्ये राजा महेंद्रने निवडून आलेलं सरकार बरखास्त करून कोईरालांना तुरुंगात घातलं आणि राष्ट्राभिमान हा सरकारी कार्यक्रमच झाला. एक राजा, एक भाषा, एक वेष. चीनकडून ल्हासाच्या दिशेने रस्ता बांधून घेतला तोही याच काळात. नेपाळी म्हणजे भारतीय नव्हे, हे पटवण्यात एक पिढी गेली. पुढे 1986 मध्ये गौरीशंकर शिखरावरून जाणाऱ्या रेखावृत्तावर देशाचं घड्याळ लावलं. तेव्हापासून काठमांडू आपल्या पंधरा मिनिटं पुढे असतं. पंचांग विक्रम संवताचं, म्हणून सन आपल्यापेक्षा सत्तावन्न वर्षं पुढे. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. बहादूर मोठा कॉल शनिवारीच का करतो, हे आमच्या आईच्या लक्षात आलं होतं. पोरांना शाळा नसते.

या वेगळेपणाची किंमत दोनदा मोजावी लागली. 1989 मध्ये व्यापार-पारगमन करार संपले आणि भारताने बहुतेक नाकी बंद केली. दुसरी वेळ 2015 ची. एप्रिलच्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली. सप्टेंबरमध्ये नवी राज्यघटना आली, तराईतले मधेशी तिच्याविरुद्ध नाक्यांवर बसले आणि ट्रक अडले. आम्ही नाकाबंदी केलीच नाही, असं दिल्लीने सांगितलं. काठमांडूत हे कुणी मानलं नाही. भूकंपाने घर पडलेला माणूस कडाक्याच्या थंडीत गॅसचं सिलिंडर शोधत होता, पेट्रोलसाठी रांग लावत होता. ती थंडी तिथे अजून कुणी विसरलेलं नाही. आपल्याकडे ती बातमी आतल्या पानावर होती.

आता तिथे नव्या मोटारी मोठ्या प्रमाणात विजेवरच्या असतात. त्यामागे पाण्यावरची स्वस्त वीज आहे तशीच त्या रांगांची आठवणही आहे, असं मला वाटतं. एकेकाळी त्या देशात दिवसाला सोळा-सोळा तास अंधार असायचा. गच्चीवरून दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसत असूनही भारनियमन भोगलेल्या भुसावळकराला हे वेगळं सांगायला नको. आज पावसाळ्यात तोच देश भारताला वीज विकतो.

2020 चा नकाशाचा वाद, सीमेवरच्या लिपुलेख आणि कालापानीचा, याच माळेतला. मे महिन्यात भारताने लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं, जूनमध्ये नेपाळने नवा नकाशा घटनेत घातला. बुद्ध कुठे जन्मले यावर तिथला मुलगा लगेच हमरीतुमरीवर येतो. लुंबिनी नेपाळात आहे, तेव्हा चूक त्याची नाही. आपण पाकिस्तान काय म्हणतो याकडे कान लावून असतो. काठमांडूचे कान तसे दिल्लीकडे. आपले मात्र काठमांडूकडे नसतात, आणि हे त्याला शिवीपेक्षा जास्त लागतं.

बहादूरचा पुतण्या भारतीय फौजेत जाणार होता. गुल्मीकडच्या घरांत ती रीतच. 2022 मध्ये अग्निपथ आली. चार वर्षांची भरती 1947 च्या त्रिपक्षीय कराराला धरून नाही, असं म्हणत नेपाळने भरती होऊ दिली नाही. पोरगा मलेशियाला गेला. त्या घरातला पासपोर्ट काढलेला तो पहिला माणूस.

सप्टेंबरअखेर बहादूर दसैंला गेला, म्हणजे आपल्या दसऱ्याला. भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस, गोरखपूरहून सोनौली, मग बुटवल. निघताना वडिलांनी पहिल्यांदा त्याचं नाव विचारलं आणि कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

बदलीवर त्याने चोपड्याकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा एक भिल्ल तरुण लावून दिला. 1 ऑक्टोबरला तो पैसे घ्यायला फाटकाशी उभा राहिला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघून आत हाक मारली, "अगं, सुटे पैसे काढ गं. बहादूर आलाय."