संगणकाच्या कॅबिनेटमधील वायुवीजन

सुटे भाग विकत घेऊन घरी जुळवलेल्या डेस्कटॉप संगणकात तयार होणारी उष्णता हवेच्या प्रवाहाबरोबर कॅबिनेटबाहेर नेण्याची योजना. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (संगणकाला वीजपुरवठा करणारा डबा) आदी भाग जी वीज घेतात ती जवळजवळ सगळीच अखेर उष्णतेत रूपांतरित होते. चिपमधून हीटसिंकपर्यंत (चिपवर बसवलेल्या, पाती असलेल्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत) ही उष्णता वहनाने आणि हीटसिंकच्या पात्यांवरून हवेत अभिसरणाने जाते; या तापमानांना प्रारणाचा वाटा अल्प असतो. तापलेली हवा बाहेर गेली नाही तर हीटसिंक कितीही मोठे असले तरी उपयोग होत नाही, कारण ते त्याच हवेत पुन्हा पुन्हा उष्णता सोडत राहते. प्रोसेसरचा कूलर (हीटसिंक व त्यावरचा पंखा) आणि कॅबिनेटचे वायुवीजन हे त्यामुळे एकाच साखळीचे दोन दुवे ठरतात.

इतिहास : १९७७ च्या ॲपल २ या संगणकात पंखा नव्हता. रॉड होल्ट यांनी त्यासाठी आखलेला स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा जुन्या रेषीय प्रकारापेक्षा बराच कमी तापत असे. १९८० च्या ॲपल ३ मध्येही पंखा टाळण्यात आला, मात्र तो संगणक बिघाडांमुळे गाजला. दोष पंखा नसण्याचा, की दाटीने आखलेल्या मदरबोर्डचा आणि सॉकेटमधून सैल होणाऱ्या चिपांचा, याविषयी संबंधितांच्या आठवणी जुळत नाहीत. दोन्ही कारणे एकमेकांना पूरक असावीत, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आयबीएमच्या १९८१ मधील पीसीचा वीजपुरवठा ६३.५ वॅटचा होता व त्यातलाच पंखा कॅबिनेटमधील हवा मागे बाहेर फेकत असे. प्रोसेसरवर हीटसिंक नव्हते. हीटसिंक दिसू लागले ते साधारणपणे इंटेलच्या ४८६ मालिकेच्या वेगवान प्रोसेसरांबरोबर, म्हणजे १९९२ च्या सुमारास. सुमारे १५ वॅट उष्णता देणाऱ्या पहिल्या पेंटियमनंतर (१९९३) प्रोसेसरवर स्वतंत्र छोटा पंखा रूढ झाला.

कॅबिनेटमधील हवेची दिशा हा वादाचा विषय बनला तो इंटेलच्या १९९५ मधील एटीएक्स मानकापासून (मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस यांची मापे आणि मांडणी ठरवणारे मानक). आज एसएमपीएसचा पंखा हवा बाहेर टाकतो हे इतके गृहीत असते, की मूळ कल्पना नेमकी उलटी होती याचे आश्चर्य वाटते. मूळ मानकात एसएमपीएसने बाहेरची हवा आत ओढून थेट प्रोसेसरवर सोडावी अशी शिफारस होती. त्यामागे दोन हेतू दिसतात : प्रोसेसरच्या वेगळ्या पंख्याचा खर्च वाचवणे, आणि कॅबिनेटमध्ये बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक दाब ठेवून फटींतून धूळ आत येऊ न देणे. हवा एकाच वाटेने आत आली तर तिथे जाळी लावणेही सोपे. व्यवहारात मात्र हवा एसएमपीएसमध्येच तापून मग प्रोसेसरवर येई आणि प्रोसेसरांची उष्णता वाढत गेली तशी ही अडचण उघड झाली. १९९६-९७ च्या सुमारास मानकाच्या सुधारित आवृत्तीने ही शिफारस सैल केली व उत्पादक पुन्हा हवा बाहेर टाकण्याकडे वळले. अधिक दाबाची कल्पना मात्र तेवढ्याने संपली नाही. पुढे घरगुती जुळवणी करणाऱ्यांनीच ती पुन्हा उचलली.

हवेचा मार्ग मानकातूनच ठरवण्याचा दुसरा प्रयत्न बीटीएक्स मानकाचा. २००४ मध्ये आलेल्या ९० नॅनोमीटर तंत्राच्या पेंटियम ४ प्रोसेसरांची कमाल उष्णता १०० वॅटच्या पुढे गेली होती. इंटेलने २००३ मध्ये मांडलेल्या बीटीएक्समध्ये प्रोसेसर थेट पुढच्या पंख्यामागे आणला आणि चिपसेट व ग्राफिक्स कार्डही त्याच सरळ प्रवाहात बसवले. वायुवीजनाच्या दृष्टीने ही मांडणी एटीएक्सपेक्षा निःसंशय सरस होती. तरीही २००६ च्या सुमारास इंटेलने ती सोडून दिली. याची कारणे वेगवेगळी दिली जातात. काहींच्या मते मेमरीचे नियंत्रण प्रोसेसरमध्येच असलेल्या एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या रचनेला ती आखणी सोयीची नव्हती. काहींच्या मते कॅबिनेट व मदरबोर्ड उत्पादकांना नवे साचे करण्याचा खर्च नको होता. तथापि २००६ मध्ये आलेले कोअर २ डुओ प्रोसेसर ६५ वॅटच्या आसपास राहिल्याने निकडच संपली, हे कारण कालक्रमाशी सर्वांत चांगले जुळते. परिणामी, आजचा घरगुती संगणक मूलतः १९९५ च्या मांडणीवरच उभा आहे. उष्णता मात्र पुन्हा वाढली : २०२२ च्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची निर्धारित शक्ती ४५० वॅट आहे, तर त्याच वर्षीच्या इंटेल कोअर आय९-१३९००के प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॅट.

हवा किती लागते : हवेची घनता व विशिष्ट उष्णता धरून हा हिशेब सहज करता येतो. संगणक एकूण ४०० वॅट उष्णता देत असेल आणि बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंश सेल्सियसने अधिक तापलेली चालणार असेल, तर दर सेकंदाला सुमारे ३५ लिटर, म्हणजे पंख्यांच्या खोक्यावर छापतात त्या एककात मिनिटाला सुमारे ७३ घनफूट हवा खेळवावी लागते. १२० मिमी. पंख्यावर ५० ते ७० घनफूट असा आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. समोर जाळी, धुळीची गाळणी व हार्ड डिस्कचा पिंजरा आला की तो निम्म्यावरही येऊ शकतो. म्हणून अशा संगणकाला हवा आत घेणारे दोन ते तीन पंखे पुरतात. प्रवाह दुप्पट केला तर हवेच्या तापमानातील वाढ १० वरून ५ अंशांवर येते, तो चौपट केला तर अडीच अंशांवर. प्रत्येक नव्या पंख्याचा लाभ मागच्याहून कमी. पंख्यांची संख्या वाढवण्यापेक्षा वाटेतला अडथळा काढणे अधिक गुणकारी ठरते ते यामुळेच. काच किंवा बंद पत्रा असलेल्या पुढच्या बाजूऐवजी मोकळ्या जाळीचे कॅबिनेट निवडणे हा सर्वांत परिणामकारक निर्णय होय, आणि तो खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो.

उष्ण हवा वर जाते म्हणून पंखे तळातून माथ्याकडेच वाहते असावेत, असे पुष्कळदा सांगितले जाते. २००९ च्या सुमारास सिल्व्हरस्टोनच्या रेव्हन मालिकेत मदरबोर्ड ९० अंशांत फिरवून ही मांडणी प्रत्यक्षात आणली गेली व ती उत्तम चालली. मात्र तिचे श्रेय नैसर्गिक अभिसरणाला देणे कठीण आहे. ४५ सेंमी. उंचीच्या कॅबिनेटमध्ये हवा १० अंशांनी तापली असता निर्माण होणारा ऊर्ध्वगामी दाब ०.२ पास्कलही भरत नाही. साधा १२० मिमी. पंखा मात्र १५ ते २० पास्कलपर्यंत दाब देऊ शकतो. पंखे चालू असताना हवा ती नेतील तिकडेच जाते. त्या कॅबिनेटचे यश मोठे तळपंखे आणि अडथळाविरहित सरळ मार्ग यांत शोधणे अधिक योग्य. पुढून आत व मागून-वरून बाहेर ही प्रचलित दिशा चांगली आहेच, पण ती मागच्या जाळ्या आणि ग्राफिक्स कार्डाची जागा यांमुळे सोयीची ठरते.

दाबाचा वाद : आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा अधिक असेल तर कॅबिनेटमध्ये धन दाब, उलट असेल तर ऋण दाब म्हणतात. तापमानाच्या दृष्टीने दोहोंतला फरक सहसा थोडाच असतो. खरा फरक धुळीचा. ऋण दाबात स्लॉटच्या फटी, यूएसबीची छिद्रे, पत्र्यांचे सांधे अशा प्रत्येक वाटेने न गाळलेली हवा आत येते. रस्त्याकडेच्या घरात किंवा कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत धन दाब पत्करावा, असेच म्हणावे लागते. त्यासाठी पुढे तीन व मागे एक पंखा ही जुळणी पुरेशी आहे. माथ्यावरचा पुढचा पंखा बाहेर फेकता लावणे मात्र टाळावे. तो पुढून नुकतीच आलेली थंड हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच बाहेर काढतो.

पंखे : आज वापरात असलेले पंखे १२ व्होल्टच्या ब्रशविरहित एकदिश मोटरीवर चालतात. घन-अवस्था (ट्रान्झिस्टरसारख्या) घटकांनी दिक्परिवर्तन करणाऱ्या, म्हणजे विद्युतप्रवाहाची दिशा बदलणाऱ्या, अशा मोटरीचे वर्णन टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांनी १९६२ मध्ये केले. पंख्याचा हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात, दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या निम्म्या केल्या तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे एका वेगवान पंख्याऐवजी तसेच दोन पंखे निम्म्या वेगाने लावले, तर मोकळ्या हवेत प्रवाह तेवढाच राहून आवाज साधारण १२ डेसिबलने घटतो. चार तारांच्या पंख्याला मदरबोर्ड २५ किलोहर्ट्‌झच्या स्पंदांनी वेग सांगतो. तिसऱ्या तारेवरून पंखा दर फेरीला दोन स्पंद परत पाठवतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेगाची वक्ररेषा आखताना तापमान दोन-चार अंशांनी हलले की पंखा वरखाली होणार नाही, इतका विलंब ठेवावा. पंख्याच्या चौकटीत ज्या बाजूला आधाराच्या काड्या व कंपनीचे लेबल असते त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका असल्यास कॅबिनेटबाहेर, जाळीसमोर उदबत्ती धरून धुराचा ओढा पाहावा. आत धूर सोडू नये.

केबल नीट बांधल्याने तापमान उतरते, हे मत हार्ड डिस्क जोडणाऱ्या, रुंद पट्ट्यांसारख्या जुन्या आयडीई केबलींच्या काळात बरेचसे खरे होते. २००३ नंतर सडपातळ साटा केबली आल्या आणि आता केबली मदरबोर्डच्या पत्र्यामागून नेल्या जातात. नीटनेटकेपणाचा खरा फायदा सफाई व दुरुस्तीच्या वेळी होतो.

कूलर : आजच्या टॉवर कूलरचा गाभा म्हणजे हीटपाइप. साधारण ६ मिमी. व्यासाच्या, बंद टोकांच्या तांब्याच्या नळीत कमी दाबाखाली थोडे पाणी असते. ते प्रोसेसरपाशी वाफ होते, पात्यांपाशी पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने परत येते. शोधाचे श्रेय सामान्यतः लॉस ॲलमॉस प्रयोगशाळेतील जॉर्ज ग्रोव्हर यांना (१९६३) दिले जाते. तथापि जनरल मोटर्सच्या आर. एस. गॉगलर यांनी केशाकर्षणाचीच कल्पना १९४४ च्या पेटंटात मांडली होती. ती त्या वेळी कोणी उचलली नाही व ग्रोव्हर यांनी स्वतंत्रपणे गाठली, असे दिसते. एकोणिसाव्या शतकातील पर्किन्स नलिकेला पूर्वज म्हणण्याची प्रथा आहे, पण तिच्यात पाणी परतते ते गुरुत्वाने, अस्तर नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यातील सूक्ष्म फटी भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. तिची उष्णतावाहकता तांब्याच्या मानाने क्षुल्लक, पण हवेच्या शेकडो पट असते. म्हणून थर पातळ असावा. द्रवशीतनातही पाणी उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेते, तिथून पुढचे काम हवेचेच.

महाराष्ट्रातील परिस्थिती : मुंबईचा लॅमिंग्टन रोड हे सुट्या भागांचे जुने ठाणे, तिथून जुळवून आणलेला असेंबल्ड पीसी अनेक घरांतला पहिला संगणक होता. प्लायच्या कंप्युटर टेबलात कॅबिनेटसाठी ठेवलेला बंद कप्पा मात्र वायुवीजनाला घातक आहे. मागे फेकलेली हवा तिथेच कोंडून पुढच्या पंख्यांत परत शिरते. कप्प्याची मागची फळी काढून टाकणे हा बिनखर्चाचा उपाय कोणत्याही नव्या पंख्याहून सरस ठरतो.

हवेवर चालणारे कोणतेही शीतन भागाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ अंशांवर राहत असेल, तर त्याच कामाला ४२ अंशांच्या खोलीत तो ८० च्या पुढे जाणार. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असून तिथे ते स्वतःहून वेग कमी करतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात त्यामुळे कॅबिनेटपेक्षा खोलीचा विचार आधी करावा लागतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कोरड्या उन्हाळ्यात खोली चांगली उतरवतो. त्याचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर नसावा, कारण त्या ओलसर हवेबरोबर पाण्याचे तुषार आणि क्षार आत जाऊन धुळीचा चिवट थर बनतो. कॅबिनेटचे झाकण काढून टेबलफॅन लावल्याने तात्पुरता दिलासा मिळतो, पण धूळ काही आठवड्यांतच हीटसिंकची पाती बुजवते. सफाईसाठी ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, अन्यथा ती मर्यादेबाहेर फिरून बेअरिंग खराब होऊ शकते. गाळण्या धुऊन पूर्ण वाळल्यावरच परत बसवाव्यात, आणि पावसाळ्यात त्यांना वाळायला दिवसभर द्यावा.