अळी जगवण्याचा सल्ला : कपाशीच्या कीटकशास्त्रज्ञाच्या कामाची पार्श्वभूमी

गुलाबी बोंडअळीची शास्त्रीय नोंद एकोणिसाव्या शतकात भारतातील कपाशीवरच्या नमुन्यांवरून झाली. अळी जगवण्याच्या सल्ल्यावरच्या आजच्या वादासाठी मात्र २००२ पासूनचा काळ पाहिला तरी पुरे. तोपर्यंत कपाशीच्या कीटकशास्त्रज्ञाचे काम, मग ते प्रयोगशाळेतले असो वा शेतीशाळेतले, अळी कशी मारावी याभोवतीच फिरत होते. त्या वर्षी बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूच्या जनुकामुळे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली आणि काही अळ्या जगू द्या, असे सांगण्याची वेळ त्याच माणसावर आली.

निमित्त होते ‘रेफ्युजी’च्या अटीचे. बीटीभोवती बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक भरेल तेवढे लावायचे. त्यासाठी बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळे. बीटीवर तगलेल्या पतंगाचे मीलन या ओळींतल्या साध्या पतंगाशी झाले, की पुढच्या पिढीतील बहुतेक अळ्या विषाला बळी पडाव्यात, असा हिशेब होता. ‘आश्रय ओळी’ हा मराठी शब्द पत्रकांतच राहिला. शेतकऱ्यांनी पुडीला ‘नॉन-बीटी’ म्हटले आणि तिच्यातले बी नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला वापरले, नाहीतर टाकून दिले. काही पाकिटांत तर तुरीचे बी असे. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, गुलाबीला जवळजवळ कपाशीच लागते; तेव्हा तिच्यापुरता हा आश्रय नावालाच होता. असे असताना सारा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर ढकलणे न्याय्य नव्हते. पाच एकरांतला एक एकर अळीसाठी सोडा, हा सल्ला कोरडवाहू शेतकऱ्याला पटण्याजोगा नव्हताच. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याचा मार्ग निघाला.

२००६ मध्ये विषाच्या दोन जनुकांचे वाण आले, २०१० मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळीत पहिल्या, एका जनुकाच्या वाणाविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचे जाहीर झाले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात दुसराही निष्प्रभ ठरल्याचे बोंडे फोडताच दिसू लागले.

त्यानंतर शिकवणुकीचा भर अळी ओळखण्यावर आला. पाकळ्या रेशमी धाग्यांनी जखडलेले, गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले फूल म्हणजे डोमकळी. ती उकलून आतली अळी हातावर ठेवली, की वेगळे व्याख्यान लागत नाही. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले तर उपाय करावा, हेही आता पाठ झाले आहे. अडते ते फरदडीपाशी, म्हणजे मुख्य वेचणीनंतरही पीक न काढता पाणी देऊन पुन्हा घेतलेल्या कापसापाशी. पाण्याची सोय असलेला शेतकरी उशिराच्या बोंडांचे पैसे सोडायला तयार होत नाही, आणि त्याच बोंडांत दोन सरक्या जोडून अळी पुढच्या हंगामापर्यंत पडून राहते.