नाशिकचं जंगल, हवामान आणि लोकांचं मत

नोव्हेंबर २०२५ मध्ये सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली सतराशेहून अधिक झाडं काढण्याचा प्रस्ताव आला आणि शहरातून हरकतींचा ओघ सुरू झाला. झाडं आणि हवामान हा विषय त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला, पण तो आजकालचा नाही. जंगल आणि पाऊसपाणी यांची सांगड सरकारदरबारी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच घातली गेली. शहरात आणि पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात जंगलाकडे वेगळ्या नजरेनं का पाहिलं जातं, याचं मूळही तिथंच सापडतं.

अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पेशानं ते डॉक्टर. दापोडीची सरकारी बाग सांभाळत. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, असा इशारा त्यांनी सरकारला दिला होता. १८५१ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेपुढे उष्ण प्रदेशातल्या जंगलतोडीच्या परिणामांवर अहवालही मांडला गेला. मात्र त्याच काळात थळ घाटातून लोहमार्ग चढत होता. १८६५ मध्ये रेल्वे इगतपुरीला पोचली, आणि रेल्वेच्या विस्ताराबरोबर रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढत गेली.

१८७८ च्या वन कायद्यानं जंगलाची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरांत भात-नागलीची रोपं करायची तर आधी राब भाजावा लागतो. फांद्या, पाला, शेण-गवत जमिनीवर पसरून जाळायचं. त्यानं तण मरतं, मातीला राख मिळते, आणि पहिल्या पावसाबरोबर बी पेरलं जातं. कोसळत्या पावसात खडकाळ उतारावर शेती करण्याची ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची. इलाख्यातल्या वनखात्याला तिच्यात नासधूसच दिसली. फांद्या छाटण्यावर, चराईवर, लाकूडफाट्यावर बंधनं आली. डोंगर राखायला हवा, हे गिब्सन यांचं म्हणणं खरंच होतं. त्याचा भार मात्र कोयता घेऊन राबासाठी निघालेल्या माणसावर टाकला गेला, आणि हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या वननीतीनं एक तृतीयांश भूभाग जंगलाखाली आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. १९८८ च्या नीतीनं जंगलावर जगणाऱ्यांच्या गरजा मान्य केल्या, आणि पुढे संयुक्त वनव्यवस्थापन, म्हणजे गावकरी आणि वनखातं यांनी मिळून जंगल राखण्याची पद्धत, आलं. कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क वनहक्क कायद्यानं मान्य व्हायला २००६ उजाडलं. तरीही दावे रेंगाळले. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा १२ मार्चला मुंबईत होता. कर्जमाफीची मागणी त्यात होती, पण चालणाऱ्यांत बहुसंख्य आदिवासी होते आणि त्यांचा जीव वनपट्ट्यांत, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्कात, अडकला होता.

संशोधनात हा इतिहास फारसा उतरत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वनाच्छादनात एक हेक्टरहून मोठं आणि दहा टक्क्यांहून अधिक झाडांचं छत्र असलेलं क्षेत्र धरतात. मालकी कोणाची, झाड कुठलं, हे पाहत नाहीत. त्यामुळे आमराई आणि ऐनाचं रान एकाच आकड्यात बसतं. लोकांची मतं विचारतानाही अशीच गफलत होते. २०११ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे ४१ टक्के लोकांनी जागतिक तापमानवाढीबद्दल ऐकलं नसल्याचं किंवा माहीत नसल्याचं सांगितलं. थोडक्यात समजावून दिल्यावर मात्र बहुतेकांनी ती होत असल्याचं मान्य केलं; म्हणजे शब्द अनोळखी होता, अनुभव नव्हे. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर गारपिटीनं तिथल्या बागा झोडपल्या.

खाणी, मोठे उद्योग-बांधकामं यांवर बंधनं घालणाऱ्या, पश्चिम घाटाच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये निघाला. नाशिक जिल्ह्यातली गावंही त्यात आहेत. तिथून येणारी प्रत्येक हरकत पर्यावरणाच्या विरोधात धरली जाऊ नये. त्र्यंबक-सुरगाण्यात मतं विचारायला जाणाऱ्यांनी प्रश्नावलीत वनहक्काचा दावा मंजूर आहे, फेटाळला आहे की पडून आहे, हे आधी विचारावं. पुढच्या उत्तरांचा अर्थ त्यावरूनच लागेल.