आठवी मार्गसेना

(बालूजून). जपानी आक्रमणाविरुद्ध 1937 ते 1945 या काळात उत्तर चीनमध्ये लढलेली, चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालील सेना. कागदोपत्री ती चँग कै-शेक यांच्या राष्ट्रीय सरकारच्या फौजेचा भाग होती.

नावाविषयी बराच घोटाळा आढळतो. ‘लू’ या चिनी शब्दाचा साधा अर्थ वाट वा रस्ता. सुंग घराण्याच्या काळात मोठ्या प्रशासकीय विभागांनाही ‘लू’ म्हणत. त्यावरून ‘आठव्या प्रांताची सेना’ असा अर्थ लावण्याकडे काहींचा कल दिसतो, पण तो पटण्याजोगा नाही. प्रजासत्ताकाच्या काळात ‘मार्गसेना’ ही मोठ्या लष्करी दलाची रूढ संज्ञा होती. 1932 मध्ये शांघायचा बचाव करणारी एकोणिसावी मार्गसेना कम्युनिस्ट नव्हती. तेव्हा हे नाव राष्ट्रीय फौजेच्या क्रमवारीतूनच आले, असे मानणे सयुक्तिक ठरते. सप्टेंबर 1937 मध्येच तिचे नाव अधिकृतपणे ‘अठरावी समूहसेना’ असे बदलले. मात्र लोकांच्या तोंडी ‘बालू’ (आठवी) हेच राहिले.

स्थापनेची तारीखही दोन प्रकारे दिली जाते. सरकारी घोषणा 22 ऑगस्ट 1937 ची, तर लाल सेनेच्या (पक्षाच्या आधीच्या फौजेच्या) पुनर्रचनेचा पक्षाच्या लष्करी आयोगाचा आदेश 25 ऑगस्टचा. सेना प्रत्यक्षात उभी राहिली ती दुसऱ्या आदेशाने, म्हणून येथे तीच तारीख धरली आहे. जू द सेनापती व पंग दह्वाय उपसेनापती झाले. 115, 120 व 129 या तीन डिव्हिजनांचे नेतृत्व अनुक्रमे लिन ब्याओ, ह लोंग व ल्यू बोचंग यांच्याकडे आले. मंजूर सैन्यबळ सुमारे 45,000 होते. टोपीवरचा लाल तारा काढून राष्ट्रीय पक्षाचे पांढऱ्या सूर्याचे चिन्ह लावणे अनेक जुन्या सैनिकांच्या जिवावर आले. दहा वर्षे ज्यांच्याशी लढलो, त्यांचेच हे चिन्ह होते. ल्यू बोचंग यांनी सैनिकांसमोर आधी स्वतःची टोपी बदलली, मग इतरांना तसा हुकूम दिला.

25 सप्टेंबर 1937 रोजी शान्शीतील पिंगशिंगग्वान खिंडीजवळ 115 व्या डिव्हिजनने जपानी तुकड्यांवर दबा धरून हल्ला केला. चिनी वृत्तांतांत जपान्यांची प्राणहानी हजार वा त्याहून अधिक दिली जाते. जपानी नोंदींवर आधारलेले अंदाज काही शेकड्यांचे आहेत. मारा मुख्यतः रसद तुकड्यांवर झाला, हे लक्षात घेता दुसरे अंदाज अधिक ग्राह्य वाटतात. शांघाय, वूहान, चांगशा येथील मोठ्या लढायांचा भार राष्ट्रीय फौजेने वाहिला, हेही विसरता येत नाही.

ऑगस्ट 1940 मध्ये सुरू झालेल्या ‘शंभर रेजिमेंट मोहिमे’त लोहमार्ग, पूल व जिंगशिंगच्या कोळसा खाणी उद्ध्वस्त करण्यात आल्या. त्यानंतर जपान्यांनी ‘सर्व मारा, सर्व जाळा, सर्व लुटा’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या मोहिमा चालवल्या. त्यांचा सर्वांत मोठा घाव सामान्य खेडुतांवर बसला. मे 1942 मध्ये सेनेचे उप-स्टाफप्रमुख ज्वो छ्वान रणात पडले. हबेच्या सपाट मैदानात लपायला डोंगर नव्हते, म्हणून गावकऱ्यांनी घराखाली भुयारे खणली. त्यांची तोंडे चुलीत, विहिरीच्या भिंतीत किंवा झोपायच्या विटांच्या ओट्याखाली असत.

लोकांचा विश्वास हाच या सेनेचा खरा आधार होता आणि तो शिस्तीतून आला. रात्री झोपण्यासाठी घरमालकाच्या दाराची फळी काढून घेतली, तर सकाळी ती जागेवर बसवायची. अंथरायला घेतलेले काड बांधून परत द्यायचे. सुई-दोराही फुकट घ्यायचा नाही.

जू द यांच्या विनंतीवरून काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस या सेनेतच राहिले आणि 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. 9 डिसेंबर 1942 रोजी हबे प्रांतात अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. वय अवघे 32. मुलाचे नाव त्यांनी यिनह्वा ठेवले होते : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन.

जपानच्या शरणागतीनंतर यादवी युद्ध पेटले आणि ही सेना जनमुक्ती सेनेत विलीन झाली.