कामिकात्सु

कामिकात्सु : जपानच्या शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतातले एक डोंगरी गाव. क्षेत्रफळ १०९.६३ चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १,४००. शासकीय दर्जा ‘चो’, म्हणजे नगराचा. शिकोकूतल्या सगळ्या नगरांत लोकसंख्येने हेच सर्वांत लहान. फुकुहारा आणि ताकाहोको ही दोन खेडी १९५५ मध्ये एकत्र करून ते स्थापन झाले. ‘कामी’ म्हणजे वरचा आणि ‘कात्सु’ हे कात्सुउरा या नदीच्या नावातले अक्षर. थोडक्यात, कात्सुउरेच्या वरच्या अंगाचा मुलूख. झाडाची पाने विकून कमाई करणारे गाव आणि घरचा कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करणारे गाव, अशी त्याची दुहेरी ख्याती आहे. या दोन्ही गोष्टी इथल्या लोकांनी हौसेने सुरू केल्या नाहीत. अडचणीत सापडले तेव्हा केल्या. बाहेरून कौतुक करायला येणाऱ्यांच्या लिखाणात ही बाजू बहुधा निसटते.

नगर म्हटले तरी रेल्वे स्थानक नाही, गजबजलेली पेठ नाही. नदीकाठचा रस्ता आणि त्यावरून चढाला फुटणाऱ्या अरुंद वाटांवर पन्नासेक वाड्या विखुरलेल्या आहेत. खालच्या वाड्या समुद्रसपाटीपासून जेमतेम १०० मी. उंचीवर, तर वरच्या ६००–७०० मी. वर. ताकामारू हे शिखर १,४३९ मी. उंच आहे. तोकुशिमा शहर मोटारीने तासाभरावर, पण एका वाडीतून दुसरीत जायला कित्येकदा डोंगर उतरून पुन्हा चढावा लागतो.

गावाची जवळजवळ नऊ दशांश जमीन जंगलाखाली आहे. मात्र त्यातले बहुतेक रान माणसाने लावलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीसाठी लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा देशभर सुगी या सूचिपर्णी वृक्षाची लागवड झाली. इथेही उतारच्या उतार सुगीने भरले. झाडे तयार होईपर्यंत परदेशी लाकडाची आयात खुली झालेली होती आणि भाव कोसळले. विरळणी परवडेना, म्हणून झाडे दाटीने तशीच उभी राहिली. अशा रानात भर दुपारी अंधारून येते, खाली गवताचे पातेही धड उगवत नाही. ताकामारूच्या अंगावर बीच वृक्षांचे जुने नैसर्गिक जंगल थोडे टिकून आहे, आणि यामाइनुदाके या डोंगरावर हिरव्यागार शेवाळाने मढलेल्या शिळा पाहायला लोक मुद्दाम येतात.

लाकडाच्या जोडीला गावाचा दुसरा आधार होता मिकान, म्हणजे सुट्या सालीची जपानी संत्री. फेब्रुवारी १९८१ मध्ये थंडीची विलक्षण लाट आली, पारा उणे १३ अंशांपर्यंत उतरला आणि मिकानच्या बागा जवळपास सगळ्या जळाल्या. फळझाड पुन्हा लावून धरते व्हायला वर्षे लागतात. तरुण तर आधीच शहराकडे निघून गेले होते. मागे उरले ते वयस्क शेतकरी, त्यांतही बायका जास्त, ज्यांना जड पेट्या उचलणे झेपत नव्हते.

गावच्या कृषी सहकारी संस्थेत १९७९ पासून तोमोजी योकोइशी नावाचा एक विशीतला सल्लागार नोकरीला होता. कांदापात, पालक, शिताके अळिंबी असे पर्याय त्याने लोकांपुढे ठेवले. त्यांतले काही चाललेही. १९८६ मध्ये ओसाकाच्या एका उपाहारगृहात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ताटात शोभेला ठेवलेले मोमिजीचे, म्हणजे जपानी मेपलचे, लाल पान हरखून उचलले आणि रुमालात गुंडाळून घेतले. ते पाहून आपल्या डोंगरात हेच तर वाट्टेल तितके आहे, असे त्याच्या डोक्यात आले. ही हकिगत त्याने स्वतःच पुष्कळदा सांगितली आहे. जपानी जेवणात पदार्थाशेजारी ऋतूचे पान, डहाळी वा फूल मांडतात. त्याला ‘त्सुमामोनो’ म्हणतात. मोठ्या भोजनगृहांतले शिकाऊ आचारी ती पाने जवळपासच्या डोंगरांतून गोळा करून आणीत. गावात मात्र ही कल्पना ऐकून लोक हसले. पाने विकून का कुठे पैसे मिळतात! शिवाय दारातला पाला वेचून विकायचा, यात काहींना कमीपणाही वाटला. सुरुवातीला तयार झाली ती अवघी चार घरे.

पहिला माल फारसा खपला नाही, कारण पान सुंदर असून भागत नव्हते. मग योकोइशी पदरचे पैसे घालून महागड्या भोजनगृहांत जेवायला जाऊ लागला आणि पान कोणत्या बशीत, कोणत्या आकाराचे, कुठल्या महिन्यात लागते ते पाहून शिकला. पहिला धडा असा की ताटातला ऋतू बाहेरच्या ऋतूच्या थोडा पुढे चालतो. झाडावर पान लाल होईपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. दुसरा धडा मापाचा. एका डब्यातली सगळी पाने सारख्या लांबीची, सारख्या रंगछटेची, किडीने न टोचलेली हवीत. म्हणून आजही इथल्या घरांत सकाळी दिसते ते असे : टेबलावर ओल्या पानांचा ढीग, आजीबाई एकेक पान उचलून पुसतात, उजेडात धरून पाहतात, मापाला लावतात, आणि देठ एका दिशेला करून डब्यात रचतात. डबा प्लॅस्टिकचा असतो. कचऱ्यासाठी नाव कमावलेल्या गावात ही विसंगती जराशी खटकतेच.

या व्यवसायाचे नाव ‘इरोदोरी’, म्हणजे रंगांची सजावट. १९९९ मध्ये त्याच नावाची कंपनी स्थापन झाली. सुमारे दीडशे घरे तिला माल पुरवतात. मोमिजी, नांतेन हे शोभेचे झुडूप, ककी हे फळझाड, प्लम व चेरीच्या डहाळ्या धरून मालाचे ३०० हून अधिक प्रकार आहेत, आणि वर्षाची उलाढाल चांगल्या काळात २६ कोटी येनच्या आसपास गेली आहे. खरी करामत मागणी-पुरवठ्याच्या यंत्रणेत आहे. आरंभी गावच्या आपत्ती-सूचनेच्या बिनतारी जाळ्यावरून घरोघरी फॅक्स जात. पुढे संगणक आले, मग टॅब्लेट. बाजाराची मागणी सकाळी पडद्यावर झळकते आणि जो आधी बटण दाबेल त्याला ती मिळते. दुपारपर्यंत माल सहकारी संस्थेत पोचवायचा, तिथून तो मोठ्या शहरांच्या बाजारात जातो. आपली विक्री कितव्या क्रमांकावर आहे हेही ज्याला त्याला दिसते. सत्तरी-ऐंशीच्या बायका संगणक शिकल्या यामागे या क्रमांकाचा वाटा मोठा. शेजारणीच्या पुढे जाण्याची ईर्षा कोणत्याही प्रशिक्षण शिबिरापेक्षा जास्त कामाला आली, असे म्हणायला हरकत नाही.

कचऱ्याची गोष्ट याहून रूक्ष आहे, आणि मला तर ती अधिक बोधक वाटते. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत गावचा कचरा उघड्यावर जाळला जाई. १९९८ मध्ये दोन लहान भट्ट्या बसवल्या. पण डायऑक्सिन या विषारी वायुघटकांबाबत नवा कायदा आला, त्याचे निकष त्या भट्ट्यांना पेलेनात, आणि २००१ च्या सुरुवातीला त्या बंद पडल्या. नवी भट्टी परवडणारी नव्हती; दुसऱ्या गावाला पैसे देऊन कचरा जाळून घेणेही महाग. तेव्हा जाळायला उरेल ते कमी करणे, हा एकच मार्ग राहिला. वर्गीकरण एकदम ३५ प्रकारांवर गेले. २०१६ मध्ये ते ४५ वर पोचले. २००३ मध्ये कामिकात्सुने ‘झीरो वेस्ट’ घोषणा केली. २०२० पर्यंत जाळणे आणि पुरणे दोन्ही थांबवण्याचा तो संकल्प होता, आणि असा संकल्प करणारे ते जपानमधले पहिले गाव.

गावात कचऱ्याची गाडी फिरत नाही. ओला कचरा घरीच जिरवायचा. त्याच्या खतयंत्रासाठी गाव अनुदान देते. बाकीचे धुऊन, वाळवून, आपल्या मोटारीतून हिबिगातानी येथील केंद्रावर स्वतः नेऊन टाकायचे. ज्या वृद्धांकडे वाहन नाही त्यांच्या घरून दोन महिन्यांतून एकदा उचल होते. केंद्रात खोक्यांच्या रांगा आहेत : पोलादी डबे वेगळे, ॲल्युमिनियमचे वेगळे, रंगहीन, तपकिरी आणि इतर काच वेगळी, बाटलीचे झाकण वेगळे, आरसे व तापमापके वेगळी. प्रत्येक खोक्यावरच्या पाटीवर ही वस्तू पुढे कुठे जाते, तिचे काय बनते, आणि किलोमागे गावाला किती येन मिळतात किंवा भरावे लागतात, ते लिहिलेले असते. एकच बाटली मळकी टाकली तर पैसे येतात की जातात, हे हातातली वस्तू टाकतानाच डोळ्यांसमोर राहते. नीट वर्गीकरण करणाऱ्याला गुणही मिळतात. त्या योजनेचे नाव ‘चिरित्सुमो’, ‘धूळही साचली की डोंगर होतो’ या जपानी म्हणीवरून. आपण थेंबे थेंबे तळे साचे म्हणतो तसे.

नको झालेले पण चांगले सामान ‘कुरूकुरू’ दुकानात ठेवतात. आणायचे गावकऱ्यांनी, न्यायचे कोणीही, फुकट. फक्त नेताना वजन करून वहीत टिपायचे. जुन्या किमोनोंपासून आणि मुलग्यांच्या सणाला उभारतात त्या कापडी कार्प माशांपासून पिशव्या, जॅकेटे शिवणारी कार्यशाळाही आहे.

२०२० मध्ये केंद्राची नवी इमारत उभी राहिली. वरून पाहिले तर तिचा आकार प्रश्नचिन्हाचा. टिंबाच्या जागी छोटे वर्तुळाकार अतिथिगृह. भिंतीत बसवलेल्या सुमारे ७०० खिडक्या गावातल्या घरांतून मिळालेल्या, एकही दुसरीसारखी नाही. मुक्कामाला येणाऱ्याने साबणाच्या वडीतून आपल्याला लागेल तेवढाच तुकडा कापून घ्यायचा असतो.

२०२० चा संकल्प मात्र पुरा झाला नाही. सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. देशाची सरासरी २० टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेले २० टक्के म्हणजे डायपर, रबर, चामडी बूट, पीव्हीसी आणि दोन-तीन पदार्थ एकत्र चिकटवून केलेल्या वस्तू. घरच्या माणसाने कितीही धुतले-वेगळे केले तरी त्या सुटत नाहीत, कारण त्या बनवतानाच तशा बनवलेल्या असतात. गावाने २०२० च्या अखेरीस २०३० सालाकडे पाहणारी नवी घोषणा केली.

या दोन गोष्टींच्या झगमगाटात जुने कामिकात्सु मागे पडते. काशिहारा वाडीतील पायऱ्यांची भातखाचरे ५००–७०० मी. उंचीवर आहेत, १८१३ मध्ये काढलेल्या वाडीच्या नकाशाशी आजची खाचरे, वाटा आणि घरांच्या जागा बऱ्याच अंशी जुळतात. २०१० मध्ये त्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक भूदृश्याचा दर्जा मिळाला. ‘आवाबांचा’ नावाचा इथला चहाही वेगळाच. कोवळी पालवी न खुडता भर उन्हाळ्यात, जुलैमध्ये, निबर पाने ओरबाडून काढतात. ती उकळून, चोळून पिंपात दडपतात, वर दगड ठेवतात आणि दुग्धाम्ल जीवाणूंनी आंबू देतात. दोन-चार आठवड्यांनी उन्हात वाळवले की झाले. चव किंचित आंबूस, लोणच्याच्या खाराची आठवण करून देणारी. ही कृती २०२१ मध्ये राष्ट्रीय लोकवारशात नोंदली गेली. युको नावाचे आंबट लिंबूवर्गीय फळही याच खोऱ्याचे. जिगेन-जी या मंदिरात चुनखडीची एक चिंचोळी गुहा आहे. कूकाई या साधूशी तिची आख्यायिका जोडलेली. पांढरा अंगरखा घालून, हातात मेणबत्ती घेऊन यात्रेकरू तिच्यात शिरतात. तत्पूर्वी बाहेरच्या दोन दगडी खांबांमधून अंग सरकवून दाखवावे लागते. ज्याला ते जमत नाही, त्याने बाहेरूनच हात जोडायचे.

१९५५ च्या सुमारास गावात ६,००० हून अधिक माणसे होती. आज निम्म्याहून जास्त रहिवासी पासष्टीच्या पुढचे आहेत. पाने आणि कचरा यांच्या नावाने बाहेरून काही तरुण येतात, त्यांतले काही राहतातही. गावात एक प्राथमिक आणि एक माध्यमिक शाळा आहे. उच्च माध्यमिक शाळा नाही, म्हणून पंधराव्या वर्षी मुलांना शिकायला गावाबाहेर जावे लागते.