आधी डासाला डेंग्यू व्हावा लागतो

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी डेंग्यूच्या रुग्णाला चावली की लगेच रोग पसरवत सुटते, असं आपण धरून चालतो. पण त्याआधी खुद्द तिला लागण व्हावी लागते. रक्तातून आलेला विषाणू तिच्या आतड्याच्या पेशींत शिरतो, वाढतो, तिथून निसटतो आणि लाळग्रंथी गाठतो. याला साधारण 8 ते 12 दिवस लागतात, आणि मादीचं आयुष्यच मुळी काही आठवड्यांचं. बऱ्याचदा विषाणू आतड्याच्या नाक्यावरच अडतो.

हे तपासायची रीत जरा क्रूर आहे. विषाणू मिसळलेलं कोमट रक्त माद्यांना पाजायचं, दोनेक आठवडे थांबायचं, मग पाय-पंख तोडून सोंड बारीक काचनळीत खुपसायची. नळीतल्या लाळेत विषाणू सापडला, तर ती मादी रोग पसरवू शकते.

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या आग्नेयेला केडुगूच्या जंगलात माकडांमध्ये डेंग्यू-2, म्हणजे डेंग्यू विषाणूच्या चार प्रकारांपैकी एक, फिरत असतो. त्याची ने-आण करणारे एडिस फर्सिफर आणि एडिस ल्युटिओसेफॅलस हे डास या परीक्षेत सहज उतरले, म्हणजे त्यांना लागण सहज झाली. तिथला एडिस इजिप्ती मात्र बराच मागे पडला. गंमत म्हणजे आफ्रिका हे इजिप्तीचं माहेर! जंगलातली त्याची काळपट जात झाडांच्या ढोलीत वाढते आणि प्राण्यांना चावते. माणसाला सोकावलेली शाखा गुलामांच्या जहाजांतून अमेरिकेत गेली, पुढे आशियात पसरली. आपल्या कूलरच्या पाण्यात वाढणारी तीच. याच डासातून पसरणाऱ्या झिका विषाणूच्या बाबतीतही 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात आफ्रिकी डासांना लागण कमी झाली, बाहेरच्यांना जास्त.

म्हणून आफ्रिका सुरक्षित, असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. विषाणूचा एक वाण अडवणारा डास दुसऱ्या वाणाला वाट देतो. 2009 मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या केप व्हर्डे बेटांवर डेंग्यूच्या 21,000 हून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. शिवाय साथीसाठी एकाच मादीने माणसाला दोनदा चावायला हवं: एकदा विषाणू घ्यायला, एकदा द्यायला. त्यामुळे लागण कमी होणारा डासही फक्त माणसालाच चावू लागला, तर साथ येऊ शकते. लांब कोरडा ऋतू आणि दाट वस्ती असेल तिथे डासांची माणसाची ओढ वाढते, कारण उन्हाळ्यात पाणी उरतं ते माणसाच्या रांजणात. बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू नेमकी अशीच आहे, आणि तिथल्या डासांत माणसाला सोकावलेल्या शाखेचा जनुकीय वाटा गेल्या काही दशकांत वाढलेला दिसतो.