‘सोसत राहा, हाच तुझा क्रूस’ असं येशू म्हणाला होता का?

आजार असो, की मारकुटा नवरा. ‘हा तुझा क्रूस, निमूट वाहा’ असा सल्ला ख्रिस्ती घरांत पिढ्यानपिढ्या दिला जातो. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, मात्र याला आधार सापडत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात (९:२३) येशू म्हणतो, की माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा, रोज आपला वधस्तंभ, म्हणजे क्रूस, उचला. ‘यायचं तर’, म्हणजे निवड आपली. रोमी राजवटीत वधस्तंभाची आडवी तुळई खांद्यावर घेतलेला माणूस मरायलाच निघालेला असे. येशूच्या मागे जाताना जीव, मान, पैसा गेला तरी मागे फिरायचं नाही, असा तो अर्थ. आजाऱ्यांना तर त्याने बरं केलं; ‘सोसा’ म्हणून परत पाठवलं नाही.

उपासतापासाने देह झिजवणं म्हणजेच त्याग, हाही गैरसमजच. प्रीती नसेल तर देह जाळायला दिला तरी व्यर्थ, असं येशूचा संदेश पसरवणारा प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रात लिहितो (१ करिंथ १३:३).

आणि हाच पौल! ख्रिस्तासाठी फटके, तुरुंग सगळं भोगलेला. तरी यरुशलेमेत चाबकाचे फटके मारायला चामडी पट्ट्यांनी बांधलं, तेव्हा त्याने शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्यातल्या अधिकाऱ्याला, सरळ विचारलं: रोमी नागरिकाला दोषी ठरवल्याशिवाय फटके मारणं कायद्याला धरून आहे का? (प्रेषितांची कृत्ये २२:२५). फटके टळले.